पट्टी गाणाऱ्याची असते

गिटारवर आपल्या घरचं लोकगीत वाजवायचं ज्याच्या मनात आहे, त्याला मी आता पहिल्यांदा हेच विचारते: गाणार कोण आणि त्यांची पट्टी कोणती? खरं तर हा प्रश्न मला सरांनी विचारायला हवा होता. तिमाहीची फी आगाऊ घेतली होती ती कशासाठी?

क्लास खडकीतलाच. नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही. नाव घालतानाच मी सांगितलं होतं की मला चंपाषष्ठीला खंडोबाच्या जागरणात आईच्या मागे बानूचं गाणं वाजवायचं आहे. आईचं माहेर जेजुरीकडचं, ही गाणी तिला पाठ करावी लागली नाहीत. सर म्हणाले, "होईल की. फोक सोपंच असतं." त्यानंतर कित्येक आठवडे इंग्रजी गाण्यांचे तुकडे घोटून घेतले आणि दिवाळी झाल्यावर मोबाईलवरून उतरवलेला एक कागद हातात ठेवला. जी, ई मायनर, सी, डी. कुठल्याही गाण्याला चालतील असे चार कॉर्ड. त्याखाली डाऊन-डाऊन-अप-अप-डाऊन-अप. ही चाल चार मात्रांची. आमचं गाणं सहा मात्रांचं. मी तिथल्या तिथे टाळी देऊन दाखवलं, तर म्हणाले, "प्रॅक्टिस वाढवा, बसेल." सहा मात्रा चारांत कशा बसणार?

आईला एकदा क्लासला घेऊन गेले. ती काळी पाचमध्ये गाते, सरांचा कागद पांढरी पाचचा. दोन ओळी झाल्यावर त्यांनी तिला थांबवलं. "आई, तुम्ही जरा खाली गा. गिटार तिथे वाजत नाही." आई बिचारी खाली गेली. खालचे सूर तिला लागेनात, आवाज पुटपुटल्यासारखा झाला. तिला वाटलं, आपलंच वय झालं. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तू एकटीच वाजव गं, मी नाही गात." हे वाक्य मी सरांना माफ करणार नाही. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावला असता तर तोच कागद, तीच बोटं आणि काळी पाच! दोन-तीनशे रुपयांचा चिमटा. गिटार शिकवणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

जागरणाचं ठरवायला वाघ्या घरी आले, तेव्हा सगळं माझ्या लक्षात आलं. आई गायला नको म्हणत होती. ते म्हणाले, "मावशी, तुमी धरा तर, मी येतो मागनं." आईने नेहमीच्या पट्टीत सुरुवात केली. त्यांनी तुणतुण्याची खुंटी पिळली, तार दोनदा छेडली, कान लावला आणि पहिली ओळ संपायच्या आत तिच्या सुरात आले. तिला कुणी थांबवलं नाही, खाली उतरवलं नाही. तार एकच, सूर एकच, आणि आईचा आवाज भरून आला. मी गिटार मांडीवर घेऊन नुसती ऐकत बसले. वाजवणाऱ्याने गाणाऱ्याकडे जायचं असतं, हे त्या माणसाला कुठल्या क्लासने शिकवलेलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी कागद बाजूला ठेवला आणि तुणतुणं करतं तेच गिटारवर करायला लागले. नव्याने शिकणाऱ्यांनी हे करून बघा. पाचवी तार मोकळी, चौथी आणि तिसरी दुसऱ्या फ्रेटवर एकाच बोटाने दाबायची. सा-प-सा मिळतो. पहिल्या-दुसऱ्या तारेला हात लावायचा नाही. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की हेच काळी पाचमध्ये येतं. यात गंधार नाही, आणि तो नाही हेच बरं. आमच्या गाण्यात गंधार एका ठिकाणी कोमल, दुसऱ्या ठिकाणी शुद्ध, आणि आई कधीकधी दोहोंच्या मधेच थांबते. सरांच्या जी मेजरमधला शुद्ध गंधार नेमका तिच्या कोमल गंधारावर येऊन आदळायचा, आणि वर "आई बेसूर होतायत" हेही त्यांनीच ऐकवलं.

तालासाठी अंगठा आधी. एकवर अंगठ्याने पाचवी तार, चारवर बोटांनी चौथी आणि तिसरी, बाकी मात्रा मनात मोजायच्या. दिमडी आणि घोळ आहेतच, गिटारने तिथे गर्दी करू नये. गाणं आधी गळ्यात बसू द्या. रोज थोडा वेळ बसा, घाई करू नका, नखं कापा.

क्लासमार्फत गिटार घेऊ नका. माझ्या गिटारच्या तारा एवढ्या उंच होत्या की बोटं सोलली, आणि तेही "सुरुवातीला होतंच" म्हणून झटकलं गेलं. बाराव्या फ्रेटपाशी मोजपट्टी धरून बघा. तार तीन मिलिमीटरहून वर असेल तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. पावसाळ्यात लाकूड फुगून ती आणखी चढते.

आणि ज्यांच्या घरी गाणारं कुणी उरलेलं नाही, त्यांनी जात्यावरच्या ओव्या ऐकाव्यात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगावच्या बायकांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळाच्या संग्रहात त्यातल्या कितीतरी मूळ आवाजात ऐकायला मिळतात. सूर थोडे आणि वाद्य बहुतेक नाहीच, त्यामुळे बाईची पट्टी आपल्यालाच शोधावी लागते. कॉर्डचा कागद हातात घेण्याआधी ही सवय लावा.

फी महिन्याच्या महिन्याला द्या, पावती घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात सरांना आपलं गाणं स्वतः वाजवून दाखवायला सांगा. मी उरलेले पैसे मागितले तेव्हा उत्तर आलं, "तुम्ही मध्येच सोडलंत." आईने मात्र जागरणात सगळी गाणी काळी पाचमध्येच गायली.