तान्ह्या बाळाला घेऊन पहिल्यांदा भारतात जाताना

अमेरिकेत जन्मलेल्या बाळाला आजी-आजोबांकडे न्यायचं ठरलं की नव्या आईबाबांना पहिली धास्ती विमानाची वाटते. ते रडलं तर काय करायचं? न्यू जर्सी, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात बरीच वर्षं राहिलेल्या, आपली मुलं अशीच नेऊन आणलेल्या घरांचा अनुभव इथे एकत्र केला आहे. या सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत आहे: विमानातले तास कसेही निघून जातात. दमछाक होते ती आधी कागदपत्रांत, आणि नंतर घरी पोचल्यावरच्या पहिल्या आठवड्यात.

म्हणून तिकिटाआधी कागद. जन्मदाखला हातात आला की लगेच पासपोर्टच्या मागे लागा. डीएस-११ हा अर्ज प्रत्यक्ष जाऊन द्यावा लागतो आणि बाळासोबत आईबाबा दोघंही हजर हवेत. एकाला जमत नसेल तर त्याने डीएस-३०५३ या संमतिपत्रावर नोटरीसमोर सही करून द्यायची. लहान मुलांचा पासपोर्ट ५ वर्षंच चालतो. बाळ अमेरिकेचं नागरिक, त्यामुळे भारतात जायला त्याला व्हिसा हवा. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड एकदा केलं की पुढे सोय होते, पण त्यात आठवडे जातात. घरात आजारपण किंवा लग्न निघालं असेल तर ई-व्हिसावर जाऊन या, ओसीआय सवडीने करा.

इथे नवीन आलेल्यांच्या हातून एक गोष्ट हमखास निसटते. बाळाच्या कागदांच्या धावपळीत स्वतःच्या पासपोर्टवरचा एच-१बी किंवा एच-४ व्हिसाचा स्टॅम्प बघायचा राहतो. तो संपला असेल तर परतण्याआधी नवा घ्यावा लागतो. बाळाला परत यायला काहीच आडकाठी नाही, अडकता तुम्ही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख लांबली की एक पालक तिकडे, एक इकडे, आणि बाळ कुणाकडे, असा पेच पडतो. स्टॅम्पिंगची तारीख हातात असल्याशिवाय तिकीट काढू नका. बाळासोबत एकच पालक जाणार असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र जवळ ठेवा.

कधी जावं? मान सावरलेली, पण रांगणं अजून सुरू नाही, हा काळ सगळ्यात सोपा. उष्टावणाचंही वय साधारण तेच, त्यामुळे घरच्यांनाही आनंद. मात्र लशींचं वेळापत्रक मोडू नका. ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराची म्हणजे एमएमआरची लस लवकर द्यावी, अशी अमेरिकेच्या सीडीसीची शिफारस आहे. ही मात्रा नेहमीच्या दोन मात्रांत धरली जात नाही. त्या दोन पहिल्या वाढदिवसानंतर घ्याव्याच लागतात. निघण्याच्या महिना-दीड महिना आधी डॉक्टरांना भेटा, आणि गावाकडे जाणार असाल तर तेही सांगा.

दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन गेलात तर आंतरराष्ट्रीय तिकिटाला मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण १० टक्के पडतात. मुक्कामात बाळाला दोन वर्षं पूर्ण झाली, तर परतीला त्याची स्वतःची सीट घ्यावी लागते. प्रवास दोन कंपन्यांच्या विमानांनी असेल तर बाळाचं नाव दोन्हींकडे नोंदलं आहे ना, हे फोन करून विचारा. त्याच फोनवर बेसिनेट मागा. ते मोजकेच असतात, वजनाची मर्यादा असते, आणि विमान हलायला लागून सीटबेल्टचा दिवा लागला की बाळाला उचलून मांडीवर घ्यावं लागतं, मग ते कितीही गाढ झोपलेलं असो. अमेरिकेच्या एफएएचा सल्ला तर बाळाला मांडीवर न घेता कारसीटमध्ये बसवण्याचा आहे, कारण जोराच्या हिसक्यात हातांची पकड टिकत नाही. ज्यांना परवडतं त्यांनी वेगळी सीट घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती कारसीट विमानात चालते असं तिच्यावर लाल अक्षरांत छापलेलं असतं. नसेल तर आत नेऊ देणार नाहीत.

सुरक्षा तपासणीत अंगावरचं काढलेलं दूध, फॉर्म्युला आणि बाळाचं खाणं यांना १०० मिलिलिटरचा नियम लागू नाही, पण ते बॅगेतून वेगळं काढून अधिकाऱ्याला आधीच सांगा. वाटेत लंडनला विमान बदलणार असाल तर गोठवलेलं दूध हातातल्या सामानात नेऊ नका, तिथे ते चालत नाही. प्रवासात डायपर लागतील त्यापेक्षा बरेच जास्त जवळ ठेवा. बाळाच्या कपड्यांसोबत स्वतःचाही एक शर्ट किंवा कुर्ता ठेवा. कान दुखतात ते जास्त करून विमान खाली येताना, आणि उतरणं सुरू होतं जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधी. त्या वेळी बाळाला पाजा, म्हणजे गिळण्याने कानातला दाब सुटतो. झोपेचं औषध मात्र कुणी कितीही खात्रीने सुचवलं तरी देऊ नका.

मुंबईत उतरून पुण्याला किंवा नाशिकला जायचं तर पुढे काही तासांचा रस्ता आहे. कारसीट सोबत न्या, आणि गाडी ठरवतानाच मागच्या सीटचे बेल्ट बाहेर काढून ठेवायला सांगा. भाड्याच्या गाड्यांत ते बऱ्याचदा कव्हरखाली दडपलेले असतात. आत्या-मामी मांडीवर घेऊ म्हणतील. प्रेमाने नाही म्हणा.

आता तो पहिला आठवडा. न्यूयॉर्क आणि भारतात उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक. बाळ रात्री दोनला खेळायला उठणार आणि दुपारी पाहुणे आले की झोपणार. पहिले तीन-चार दिवस बारसं, सत्यनारायण, देवदर्शन काहीही ठेवू नका. आणि निघण्याआधीच आईशी, सासूबाईंशी फोनवर मोकळेपणाने बोला. एक वर्षाच्या आत बाळाला मध चाटवायचा नाही, गुटीतही नाही. त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी नाही. डोळ्यांत काजळ नाही, कारण काही काजळांत शिसं सापडलेलं आहे. अंघोळीनंतरची धुरी नाही, नाकात तेल नाही. मालीश, अंगाई, दृष्ट काढणं, मऊ कापडाची दुपटी, हे सगळं आजीचं, आणि ते तिला मनसोक्त करू द्या. आधी सांगितलेलं आज्या समजून घेतात. ऐन वेळी हातातली वाटी काढून घेतली तर मात्र मन दुखावतं, आणि ते दुखणं पुढच्या भेटीपर्यंत राहतं. खोकला-सर्दी झालेल्यांनी बाळाला घेऊ नये, मुका घेऊ नये, हेही आजीच्या तोंडून पाहुण्यांपर्यंत गेलेलं बरं.

डायपर भारतात सगळीकडे मिळतात, त्यांनी बॅग भरू नका. फॉर्म्युला मात्र सवयीचाच न्या आणि उकळून थंड केलेल्या पाण्यात कालवा. झोपताना मच्छरदाणी लावा.

जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर पोचण्याआधीच मिळवून ठेवा, तुमचा इथला विमा तिथे काय भरून देतो तेही विचारून घ्या. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर घरगुती उपायात वेळ न घालवता त्याच तासाला डॉक्टर गाठा.