शांततेचे पहारेकरी

ज्या गावावर बॉम्ब पडत असतात, त्या गावात चूल पेटत नाही, शेत पिकत नाही आणि शाळेची घंटाही वाजत नाही. माणसाचे इतर सारे हक्क शांततेच्या आधारावरच उभे असतात. १० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. जीवित, स्वातंत्र्य व सुरक्षितता हे प्रत्येक माणसाचे हक्क होत, असे त्यात सांगितले आहे. पुढे २०१६ साली शांततेचा उपभोग घेण्याचा हक्क सर्वांना आहे, अशी घोषणाही राष्ट्रसंघाच्या आमसभेने केली. परंतु हक्क कागदावर लिहिणे सोपे. तो राखणे कठीण. ते कठीण काम एकदा भारतीय सैनिकांच्या वाट्यास आले होते.

२५ जून १९५० रोजी कोरियात युद्ध पेटले. एकीकडे उत्तर कोरिया व चीन, तर दुसरीकडे दक्षिण कोरिया आणि अमेरिकेच्या नेतृत्वाखालील राष्ट्रसंघाच्या सेना. लाखो माणसे प्राणास मुकली. पुढील वर्षी तहाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. पण त्या अडल्या युद्धकैद्यांच्या प्रश्नावर. हजारो कैदी मायदेशी परतण्यास तयार नव्हते. त्यांना बळाने परत पाठवावे काय? एक पक्ष 'होय' म्हणे, दुसरा 'नाही' म्हणे. आणि तोवर रणांगणावर माणसे मरतच होती.

१९५२ च्या अखेरीस भारताने राष्ट्रसंघात एक तोडगा मांडला. कैद्यांना तटस्थ राष्ट्रांच्या हवाली करावे, कोणावरही बळजबरी करू नये, असा त्याचा आशय होता. पुढे याच धर्तीवर एकमत झाले आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे युद्धविराम करारावर सह्या झाल्या. भारत, स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया या पाच राष्ट्रांचे मंडळ नेमण्यात आले. त्याचे अध्यक्ष होते जनरल थिमय्या. कैद्यांचा सांभाळ करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख होते मेजर जनरल शंकरराव थोरात. हे कोल्हापूरकडचे मराठी सेनानी.

दक्षिण कोरियाच्या सरकारला भारतीय सैनिक आपल्या भूमीवर उतरलेले नको होते. म्हणून त्यांना जहाजांवरून हेलिकॉप्टरने थेट दोन्ही सैन्यांमधील निर्लष्करी पट्ट्यात नेण्यात आले. तेथे काटेरी तारांच्या कुंपणांआड २२ हजारांहून अधिक कैदी त्यांच्या स्वाधीन झाले. त्यांतील पुष्कळांना भारतीयांविषयी संशय होता. हे आपल्याला पकडून शत्रूच्या हाती देतील, या भीतीने ते घोषणा देत, दगड फेकीत.

सप्टेंबर १९५३ मध्ये चिनी कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्यास कुंपणाच्या आत ओढून नेले व कोंडून ठेवले. गोळीबार केला असता, तर शेकडो कैद्यांचे प्राण गेले असते आणि त्या अधिकाऱ्याचाही जीव वाचला नसता. थोरात मोजक्या सहकाऱ्यांसह स्वतः त्या खवळलेल्या जमावात गेले. त्यांनी धीराने बोलणी केली आणि आपला अधिकारी सुखरूप सोडवून आणला. या शौर्याबद्दल त्यांना अशोकचक्र, वर्ग २, हा सन्मान मिळाला.

सारेच प्रसंग असे निभावले नाहीत. ऑक्टोबरच्या आरंभी पहारेकऱ्यांना गोळीबार करावा लागला व त्यात काही कैदी मृत्युमुखी पडले. दोन्ही पक्षांनी भारताला बोल लावले. तरीही सैनिकांनी संयम सोडला नाही. सहाशेंहून अधिक कैद्यांनी मायदेशी परतण्याचे ठरविले, तेव्हा त्यांना सुखरूप पाठविण्यात आले. उरलेल्या बहुतेकांना जानेवारी १९५४ मध्ये पूर्वीच्या पक्षाकडे सोपविण्यात आले. ज्यांना दोन्हीकडे जायचे नव्हते, असे काही जण भारतीय दलाबरोबर भारतात आले.

कोरियात कायमचा तह अजूनही झालेला नाही. तरी १९५३ साली थांबलेले ते महायुद्ध पुन्हा तसे पेटले नाही. भिन्न मतांच्या पाच राष्ट्रांनी एका मेजाभोवती बसून काम केले आणि परक्या माणसांच्या हक्कासाठी भारतीय सैनिकांनी दगड सोसले, याचाही त्यात वाटा आहे. शत्रूवर चालून जाण्यास धैर्य लागते. पण हाती शस्त्र असताना ते आवरण्यास त्याहूनही मोठे धैर्य लागते.

स्वाध्याय

१. कोरियातील तहाच्या वाटाघाटी कोणत्या प्रश्नावर अडल्या?
२. भारतीय सैनिकांना हेलिकॉप्टरने का न्यावे लागले?
३. थोरात यांनी गोळीबाराचा हुकूम का दिला नसावा? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वाक्यांत उपयोग करा : प्राणास मुकणे, बोल लावणे, स्वाधीन होणे.