अर्धवट समजलेला निरोप

वाचकहो, मुंबईच्या उपनगरांतील सांताक्रूझचा विमानतळ आपणांपैकीं पुष्कळांस ऐकून ठाऊक असेल. विलेपार्लें व अंधेरी हीं त्याला लागूनच आहेत. १९६६ सालच्या जानेवारी महिन्यांत एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ नांवाचें विमान मुंबईहून निघालें आणि दिल्ली व बैरूत येथें थांबून जिनीव्हा शहराकडे चाललें. त्यांत १०६ उतारू व ११ कामगार होते. ट्रॉम्बे येथील अणुसंशोधनाचे संस्थापक डॉ. होमी भाभा हेही व्हिएन्ना येथील एका सभेसाठीं त्याच विमानानें जात होते. २४ जानेवारीच्या सकाळीं तें विमान आल्प्स पर्वतांतील मोंब्लां ह्या हिमाच्छादित शिखराजवळ आदळलें. ११७ जणांपैकीं एकही वांचला नाहीं.

तो पर्वत कोणास अपरिचित होता असें नाहीं. मुंबईहून निघालेलें ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजीं त्याच पर्वतावर आदळून ४८ माणसें मेलीं होतीं. मग पुन्हा असें कां घडावें?

चौकशींत जें आढळलें तें असें. विमानाचें ठिकाण दाखविणाऱ्या यंत्रांपैकीं एक बैरूतहून निघतांनाच बंद होतें. त्यामुळें वैमानिकाचा अंदाज चुकला व आपण शिखर ओलांडलें असें त्यास वाटलें. जिनीव्हा येथील अधिकाऱ्यानें ती चूक ओळखली व मोंब्लां अद्याप ५ मैलांवर आहे असें बिनतारी यंत्रानें कळविलें. परंतु शब्द पुरेसे स्पष्ट नव्हते. वैमानिकानें त्यांचा अर्थ वेगळा घेतला, ‘समजलें’ अशा अर्थाचें उत्तर दिलें व विमान खालीं आणलें. शिखराची उंची सुमारें १५,७७० फूट. विमान त्याआधीं सुमारें १९,००० फुटांवर होतें. तें तेथेंच राहिलें असतें तर शिखरावरून सुखरूप गेलें असतें.

येथें बोध घ्यावा. कोणी खोटें बोललें नव्हतें. सांगणाऱ्यास वाटलें, आपण सांगितलें. ऐकणाऱ्यास वाटलें, आपणांस समजलें. आणि त्या दोन समजुतींच्या मध्यें डोंगर उभा होता.

आपल्या गांवींही असेंच घडतें. दवाखान्यांतून औषध आणणारा मनुष्य ‘हो, हो’ म्हणून मान हालवितो. घरीं आल्यावर किती थेंब व किती वेळां हें त्यास आठवत नाहीं. पुन्हा विचारल्यास लोक आपणांस अडाणी म्हणतील अशी त्यास लाज वाटते. त्या लाजेची किंमत मात्र आजाऱ्यास द्यावी लागते. विमानांच्या कामांत आतां असा नियम आहे कीं, महत्त्वाची सूचना ऐकणाऱ्यानें ती परत म्हणून दाखवावी. मोठमोठ्या वैमानिकांस ह्यांत कमीपणा वाटत नाहीं, तर आपणांस कां वाटावा?

२०१२ सालीं त्या पर्वताच्या हिमनदींत भारत सरकारच्या टपालाची एक पिशवी सांपडली. बर्फानें ती ४६ वर्षें सांभाळून ठेविली होती. पण जो एक प्रश्न त्या सकाळीं विचारला गेला नाहीं, तो आतां कोणास विचारतां येणार नाहीं.

विचार करण्यासाठीं प्रश्न:
१. ‘समजलें’ म्हणणें व खरोखर समजणें ह्यांत भेद काय?
२. ह्या अपघातांत सांगणाऱ्यानें काय करावयास पाहिजे होतें? ऐकणाऱ्यानें काय?
३. गेल्या महिन्यांत आपण कोणता निरोप न विचारतां पुढें नेला?