आधी ऐका, मग गा



दररोज सकाळी तुमच्या शाळेत प्रार्थना होते. राष्ट्रगीत होते. अल्लामा इक्बाल यांची ‘बच्चे की दुआ’ तर तुमच्यापैकी अनेकांना तोंडपाठ असेल. तेव्हा तुम्ही सर्वजण एकत्र गाता. पण सगळे एकाच वेळी गायले, म्हणजे ते समूहगीत झाले का? नाही. बाजारातही पुष्कळ माणसे एकाच वेळी बोलतात. त्याला आपण गलका म्हणतो. मग गलका आणि समूहगीत यांत फरक कोणता? ही गोष्ट मला एका मुलीने शिकवली.

काही वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मी तीस मुलामुलींना एक गीत शिकवत होतो. आठवीतील एका मुलीचा सूर सारखा चुकत होता. ती मोशीला राहत असे. कार्यक्रम जवळ आला होता. मी घाईने तिला म्हणालो, “तू गाऊ नकोस. फक्त ओठ हलव.” ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तिचे ओठही हलत नव्हते. सुटीत मी तिला जवळ बोलावून विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “सर, मला मागे पेटी ऐकूच येत नाही.”

मला माझी चूक कळली. ती शेवटच्या रांगेत, अगदी कडेला उभी होती. जे ऐकू येत नाही, ते गाणार कसे? मी सर्वांसमोर तिची माफी मागितली. तिला मधल्या रांगेत, पक्क्या सुराच्या दोन मुलींमध्ये उभे केले आणि सांगितले, “शेजारणींचा आवाज ऐकू येईल, इतक्याच हळू गा.” दहा दिवसांत तिचा सूर जुळला.

तेव्हापासून समूहगीत बसवताना मी काही गोष्टी पाळतो. त्या तुम्हीही करून पाहा.

पहिली गोष्ट शब्दांची. गीत गाण्याआधी ते मोठ्याने वाचा. त्याचा अर्थ समजून घ्या. मराठी गीत असेल, तर ‘ळ’ आणि ‘ण’ या अक्षरांकडे लक्ष द्या. ‘ळ’ उर्दूत नाही, म्हणून आपण चटकन ‘ल’ म्हणतो. पण ‘वेळ’ म्हणजे वक्त आणि ‘वेल’ म्हणजे झाडावर चढणारी लता. एका अक्षराने अर्थ बदलतो! ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ हे गीत २०२३ साली आपले राज्यगीत झाले. कवी राजा बढे, संगीतकार श्रीनिवास खळे आणि गायक शाहीर साबळे यांचे हे गीत आहे. त्यातील ‘माझा’ या शब्दातला ‘झ’ ‘झेंडा’मधल्या ‘झ’सारखा नाही, ‘झाड’मधल्या ‘झ’सारखा आहे. तो उर्दूतील ‘ज़े’च्या जवळचा आहे.

दुसरी गोष्ट श्वासाची. ताठ उभे राहा, पण अंग आखडू नका. श्वास घेताना खांदे उचलू नका, पोट फुगू द्या. लांब सुरावर सर्वांनी एकदम श्वास घेतला, तर गीत तुटते. म्हणून शेजारी गात असताना आपण श्वास घ्यावा आणि आपण गात असताना शेजाऱ्याने. एकजण थांबतो, तेव्हा दुसरा त्याला सांभाळून घेतो.

तिसरी गोष्ट आवाजाची. ओरडू नका. ओरडल्याने घसा बसतो आणि शेजाऱ्याचा सूर झाकला जातो. वाढत्या वयात मुलांचा आवाज फुटतो. तेव्हा जितके सहज गाता येईल, तितकेच गावे. अशा मुलाला हसू नये.

‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना तुम्ही ऐकली असेल. ‘दो आँखें बारह हाथ’ या १९५७ सालच्या चित्रपटातील या प्रार्थनेला वसंत देसाई यांनी चाल दिली. याच संगीतकाराने ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला शिकवले. हजारो मुले एका सुरात गाऊ शकतात, ती एकमेकांचे ऐकतात म्हणूनच.

आता श्रोत्यांविषयी. भोसरीच्या अंकुशराव लांडगे नाट्यगृहात किंवा चिंचवडच्या रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात तुम्ही कधी कार्यक्रमाला जाल. तेथे वेळेआधी पोहोचा. मोबाइल बंद ठेवा. गीत चालू असताना उठू नका, बोलू नका. समूहगीत संपल्यावर टाळ्या वाजवा. मुशायऱ्यात चांगल्या शेराला मध्येच दाद देतात. तेथे तीच रीत आहे. जेथे जाल, तेथील रीत पाहून वागा. गाणाऱ्याची चूक झाली, तर हसू नका. श्रोत्यांची कुजबुज वाढली, की गाणाऱ्यांना एकमेकांचे सूर ऐकू येत नाहीत.

मोशीजवळ आळंदी आहे. दरवर्षी तेथून संत ज्ञानेश्वरांची पालखी पंढरपूरला निघते. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार आपला दंड उंच करतो, आणि शेकडो टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल, तर तीच टाळ वाजवत राहते. मग तिची तक्रार ऐकून घेतली जाते. केवढी ही शिस्त! आणि त्यातही ऐकून घेणे आहेच.

आमच्या स्नेहसंमेलनाच्या दिवशी त्या मुलीचे वडील चाकणच्या कारखान्यातून पहिली पाळी करून थेट आले होते. गीत सुरू झाले होते. पुढे खुर्ची रिकामी होती; पण ते आत आले नाहीत. गीत संपेपर्यंत दारातच उभे राहिले. मग टाळ्या वाजल्या, तेव्हा ते हळूच आत आले. समूहगीतात त्यांच्या मुलीचा आवाज त्यांना वेगळा ऐकू आला नसेल. पण तो त्यात होता.

शब्दार्थ
गलका – शोर
समूहगीत – सर्वांनी मिळून गायलेले गीत
पेटी – हार्मोनियम
श्रोता – ऐकणारा
दाद देणे – वाहवा करणे
पाळी – कारखान्यातील कामाची ठरलेली वेळ

स्वाध्याय
१. मुलीचा सूर का चुकत होता?
२. शिक्षकांनी आपली चूक कशी सुधारली?
३. ‘वेळ’ आणि ‘वेल’ हे शब्द वाक्यांत वापरा.
४. मुलीचे वडील दारातच का उभे राहिले असतील? चार-पाच वाक्यांत लिहा.