मत्स्यालय आणि आपल्या गांवचा डोह

मुंबईस कामाकरितां जाणारी आपली खेड्यांतील मंडळी समुद्र पाहतात. परंतु त्याच्या पोटांत काय चालतें, हें त्यांस कांठावरून दिसत नाहीं. तें दाखविण्याकरितां मत्स्यालयें असतात. मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ सालीं उघडलें. २०१५ सालीं नूतनीकरणानंतर तें पुन्हा खुलें झालें. पुढें तें बंद करण्यांत आलें. आम्ही तें पाहिलें तेव्हां लोक रंगीबेरंगी मासे बघून पुढें सरकत, कोणी कांचेवर टिचक्या मारीत. हा मासा येथें जिवंत कसा राहतो, असें विचारणारा विरळा. आज आपण त्याच प्रश्नाचा विचार करूं.

१. श्वास. माशास हवा लागत नाहीं, असें पुष्कळांस वाटतें. तें खरें नव्हे. मासा तोंडानें पाणी घेतो व कल्ल्यांवाटे सोडतो. कल्ल्यांच्या तांबड्या झालरींत रक्त खेळत असतें. तें पाण्यांत विरघळलेला प्राणवायु शोषून घेतें. एक लिटर हवेंत सुमारें २१० मिलिलिटर प्राणवायु असतो. तितक्याच पाण्यांत २५ अंश उष्णतेस तो अवघा सहा मिलिलिटरच्या आसपास. शिवाय पाणी जितकें तापेल, तितका तो कमी होतो. म्हणजे जलचरांचा हा शिधा मुळांतच तुटपुंजा आहे.

२. मीठ. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्रांतील बहुतेक मासे खारें पाणी पितात व जादा मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात. नदीच्या माशाच्या अंगांत पाणी आपोआप शिरतें, व तें त्यास सतत बाहेर टाकावें लागतें. म्हणून एकाच्या हौदांत दुसऱ्यास सोडलें, तर बहुधा तो मरतो.

३. घाण. माशाच्या मलमूत्रापासून अमोनिया नांवाचें विष पाण्यांत उतरतें. मत्स्यालयाच्या भिंतीमागें वाळूच्या गाळण्या असतात. त्यांत वाढणारे सूक्ष्म जंतु त्या विषाचें रूपांतर पुष्कळ सौम्य अशा पदार्थांत करतात. पंप पाण्यांत हवा मिसळीत राहतात. पंप बंद पडले, तर दाटीच्या हौदांतील मासे थोडक्या तासांत गुदमरूं लागतात. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत पहिलें सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. तेव्हांपासून मत्स्यालयाचें खरें काम कांचेपुढें नव्हे, तर कांचेमागें चालत आलें आहे.

४. आपला डोह. हौदास राखणारे नोकर आहेत. गांवच्या डोहास कोण आहे? चैत्र-वैशाखांत ओढा आटून त्याचे डोह उरतात, व त्यांचें पाणी तापतें. अशा वेळीं त्यांत शेण, उकिरडा व सडका पाला पडला, तर तें कुजविणारे जंतु प्राणवायु खाऊन टाकतात. पाणवनस्पति उजेडांतच प्राणवायु देतात व रात्रीं तो वापरतात; म्हणून पहांटे मासे वर येऊन तोंडें उघडतात. लोक म्हणतात, "मासे वर आले," आणि टोपल्या घेऊन धांवतात. वस्तुतः तो त्यांचा शेवटचा श्वास असतो.

याहून वाईट चाल म्हणजे विषारी साल-फळें कुटून अगर पिकावरचें औषध ओतून मासे मारणें. विष मोठा मासा निवडीत नाहीं. पिलें मरतात, बेडूक मरतात, डासांच्या अळ्या खाणारे बारीक मासे मरतात. आणि त्याच पाण्यावर गुरें व लेंकरें येतात. एका दिवसाच्या कालवणासाठीं पुढील वर्षाचें बीं आपण जाळतों.

शिक्षकांनीं व उपदेशकांनीं मुलांस एके दिवशीं पहांटे डोहावर न्यावें व पुढील प्रश्न विचारावे :

(१) मासे तळाशीं आहेत कीं पृष्ठभागीं? कां?
(२) डोहांत कोणती घाण येते, व ती कोणाच्या दारांतून?
(३) ती अडविण्यासाठीं पावसापूर्वीं आपली आळी काय करूं शकेल?

तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर मुलांनीं घरीं जाऊन वडील माणसांसही विचारावें.