वाटणीत कोण राहून गेले?

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१-७, लेवीय १९:९-१०, याकोब २:१४-१७
पाठांतरासाठी : याकोब २:१७
पाठाचा हेतू : भुकेल्याला अन्न पोहोचवणे हे मंडळीचे नित्याचे काम आहे, आणि ते करताना भाषेमुळे किंवा भिडेमुळे कोणी मागे राहू नये, हे समजून घेणे.



यरुशलेमेच्या पहिल्या मंडळीची आठवण झाली की पन्नासाव्या दिवसाचे सामर्थ्य आणि हजारोंचे मनःपरिवर्तन आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. पण त्याच मंडळीत कुरकुर सुरू झाली ती जेवणावरून, ही गोष्ट आपण वाचून पुढे जातो. आज आपण तेथेच थोडे थांबू या.

१. कुरकुर कशाची होती?

मंडळी रोज गरीब विधवांना अन्न वाटत असे. तेथे दोन भाषांचे विश्वासणारे होते. काही इब्री, म्हणजे त्याच देशात वाढलेले. काही हेल्लेणी, म्हणजे बाहेरच्या मुलखांतून आलेले व ग्रीक बोलणारे. वाटणीत हेल्लेणी विधवा राहून जाऊ लागल्या. कोणी त्यांना मुद्दाम उपाशी ठेवले, असे शास्त्र म्हणत नाही. वाटणाऱ्यांना बहुधा आपल्या ओळखीची घरे आधी आठवली असतील. ज्यांची भाषा कळते त्यांचे दुःखही लवकर कळते, हा मनुष्यस्वभाव आहे. परंतु भुकेल्या विधवेला तो मुद्दाम केला की नकळत झाला, याने काय फरक पडणार?

२. प्रेषितांनी काय केले?

प्रेषितांनी तक्रार दडपली नाही आणि तक्रार करणाऱ्यांना दोषही दिला नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावून सात माणसे निवडायला सांगितले. ती माणसे चांगल्या नावाची, आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावीत, अशी अट होती. अन्न वाटायला एवढी योग्यता कशाला, असे आपल्याला वाटेल. पण अन्न हाती असलेल्या माणसाची परीक्षा मोठी असते.

आता त्या सातांची नावे पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव. सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा राहून गेल्या होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती मंडळीने वाटणी सोपवलेली दिसते.

आणखी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घ्यावी. मूळ ग्रीक भाषेत रोजच्या वाटणीसाठी व वचनाच्या सेवेसाठी एकच शब्द आहे : दियाकोनिया. आपण वापरतो तो 'डीकन' हा शब्द त्याच मुळाचा. भाकरीची सेवा हलकी आणि व्यासपीठाची सेवा भारी, असा भेद शास्त्र करीत नाही.

३. आपल्या मुलखाचा धडा

भूक आपल्या मुलखाला नवी नाही. १८७६ साली पाऊस बुडाला आणि बेळगाव, कलादगी, धारवाड, सोलापूर या जिल्ह्यांत भयंकर दुष्काळ पडला. १८७२ च्या शिरगणतीपेक्षा १८८१ च्या शिरगणतीत बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली. त्याच दशकात दक्षिणेकडे भटकणाऱ्या एका मराठी कुटुंबातील आई, वडील व थोरली बहीण उपासमारीने खंगून मरण पावली. मागे उरलेल्या मुलीला आज आपण पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो.

ती भूक रमाबाई विसरल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुलींना घेऊन आल्या. केडगावच्या शेतावर त्यांची सोय झाली. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिकडच्या मुलींनाही त्यांनी आसरा दिला. त्या मुलींची बोली निराळी होती, पण त्यामुळे कोणाचे ताट अडले नाही. शिवाय रमाबाईंनी नुसते जेवू घातले नाही, तर शिक्षण दिले आणि हाताला काम दिले.

४. मच्छेमध्ये भूक कोठे दिसते?

आज तसा दुष्काळ नाही. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली झाला. त्याप्रमाणे प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य ठरलेले आहे. शाळेत दुपारचे जेवण मिळते, अंगणवाडीत लहान मुलांना व गरोदर स्त्रियांना आहार मिळतो. याबद्दल आपण देवाचे आभार मानावेत.

तरीही भूक उरते. मच्छे हे बेळगाव-खानापूर रस्त्यावरचे गाव. एका बाजूला औद्योगिक वसाहत, जवळच विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ. कामासाठी दूरदूरची माणसे येतात आणि भाड्याच्या खोल्यांत राहतात. कोणाचे रेशनकार्ड गावी असते, कोणाच्या कार्डावर नव्या बाळाचे नाव नसते, एखाद्या म्हातारीचे झिजलेले बोट यंत्र ओळखत नाही. शाळेला सुट्टी लागली की दुपारचे ताटही थांबते. आणि घरचा कर्ता आजारी पडला की तांदूळ असतो, पण डाळ, तेल आणि सरपण नसते.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी नाताळापूर्वी धान्य वाटण्यासाठी घरांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी बावीस घरे लिहिली. सगळी मराठी बोलणारी, सगळी ओळखीची. आमच्याच गल्लीच्या टोकाला एका खोलीत कन्नड बोलणारी एक बाई दोन मुलांसह राहत होती. तिच्या नवऱ्याचा हात कारखान्यात दुखावला होता व तो घरी बसून होता. मला हे माहीत नव्हते, कारण "ऊटा आयता?", म्हणजे जेवण झाले का, एवढेही मी तिला कधी विचारले नव्हते. सणानंतर शब्बाथशाळेतल्या एका मुलाने मला सांगितले, "तिची मुलं आमच्याकडे पेज मागायला आली होती." त्या दिवशी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय मला प्रथमच कळला.

५. आपण काय करू शकतो?

(अ) मूठ काढावी. रोज चूल पेटवताना एक मूठ तांदूळ वा जोंधळे निराळ्या डब्यात टाकावेत. मिझोराममधील मंडळ्यांतील भगिनी १९१० पासून अशी मूठ काढत आल्या आहेत. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनीही वसतिगृहाच्या मुलांसाठी मूठमूठ धान्य गोळा केले. मूठ साधारण ५० ग्रॅमची धरा. तीस घरांतून दिवसाला दीड किलो, महिन्याला ४५ किलो धान्य होते.

(आ) यादी दोघांनी करावी. एक मराठी बोलणारा व एक कन्नड बोलणारा असावा. उर्दू जाणणारा मिळाला तर फारच चांगले. यादी पूर्ण झाल्यावर एकच प्रश्न विचारावा : यातून कोण राहून गेले? आपल्या पंथाचा, आपल्या धर्माचा नाही म्हणून कोणाचे नाव गाळू नये.

(इ) लाज राखावी. उपासनेत नावे वाचू नयेत, छायाचित्रे काढू नयेत. लेवीयात देवाने शेतकऱ्याला बांधाकडचे पीक कापू नको असे सांगितले, म्हणजे गरिबाला हात पसरावा न लागता स्वतः वेचून नेता यावे. आपली पिशवीही संध्याकाळी, शेजाऱ्याच्या नात्याने पोहोचावी.

(ई) सोबत जावे. तरुण संघातील एकाने म्हाताऱ्या माणसाबरोबर रेशन दुकानात जावे, नाव चढवण्याचा अर्ज भरून द्यावा, परगावच्या कार्डावर येथे धान्य मिळते का ते विचारावे. एक पिशवी आठवडा निभावते. दुरुस्त झालेले कार्ड वर्षानुवर्षे उपयोगी पडते.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

लहान वर्ग : मुलांना प्रत्येकी एक मूठ तांदूळ आणण्यास सांगा, सगळा एका भांड्यात ओता व तो किती जणांना पुरेल ते मोजू द्या.

मोठा वर्ग, चर्चेसाठी :
१. हेल्लेणी विधवांचे हाल इब्री लोकांना का दिसले नसावेत?
२. आपल्या गल्लीत कोणत्या घराशी आपण कधीच बोललेलो नाही?
३. मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही, अशी मदत कशी करावी?

समारोप

सातव्या वचनात लूक काय सांगतो ते पाहा. वाटणी नीट लागली, आणि त्यानंतर देवाचे वचन पसरत गेले व शिष्यांची संख्या वाढली. तेव्हा या रविवारी उपासनेहून घरी जाताना नेहमीच्या वाटेने जाऊ नका. एक गल्ली वळून जा, एका अनोळखी दारापाशी थांबा आणि त्यांच्या भाषेत विचारा, जेवण झाले का?

प्रार्थना : हे देवपित्या, आमच्या यादीत जे नाहीत ते तुझ्या यादीत आहेत. त्यांची दारे आम्हाला दाखव. आमेन.