टनाचा हिशेब लेहला नेऊ नकोस

चि. भाचीबाईंस,


‘लेहच्या होमस्टेमधल्या खोलीला दोन टनांचं हीटिंग लागेल’ हे वाचून मामाला हसू आलं. ही खास पुण्याची सवय! आपला एसीवाला खोलीत डोकावतो, शंभर-सव्वाशे चौरस फुटांना एक टन म्हणतो आणि चहा पिऊन निघतो. टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. तुझ्या 4 बाय 5 मीटरच्या खोलीला झाले सात.

हीटरचा हिशेब जमिनीवर नाही, गळतीवर करतात. भिंत, काच, छत यांचं क्षेत्रफळ वेगवेगळं मांड. त्याला यू-मूल्याने गुण, म्हणजे एका चौरस मीटरमधून दर अंशामागे निसटणाऱ्या वॅटने. मग आतल्या-बाहेरच्या तापमानाच्या फरकाने. आत 18, बाहेर उणे 15 धरलं तर फरक 33 अंशांचा.

खोली वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातली. मातीच्या जाड भिंती उघड्यावर 24 चौरस मीटर, यू 1.2: साधारण 950 वॅट. एकेरी काच 3 चौरस मीटर, यू 5.7: 565. हवेची गळतीही धरायची. तासाला एकदा खोलीतली सगळी हवा बदलते असं मानलं, तर समुद्रसपाटीला साडेसहाशे वॅट लागले असते. पण लेह साडेतीन हजार मीटरवर, हवा तिथे दोन तृतीयांशच, म्हणून 435. विरळ हवेचा एवढाच काय तो फायदा!

राहिलं छत. काटक्या आणि मातीचं, यू सुमारे 2. वीस चौरस मीटरचे 1,320 वॅट, म्हणजे सगळ्यात मोठं भोक डोक्यावरच. एकूण सव्वातीन किलोवॅट. छतावर आठ सेंटिमीटर थर्माकोल (पाण्यापासून जपून) आणि खिडकीला दुहेरी काच बसव. बेरीज दोनाच्या आत येते. रात्री थंडावलेल्या भिंती सकाळी तापवायला थोडी वाढीव क्षमता ठेव.

लेहजवळ फे गावात सेकमोल या शिक्षणसंस्थेचा परिसर आहे, मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडच्या काचांवर हिवाळा काढणारा. तो आधी बघून ये. बुखारी (लाकूड-कोळशाची शेगडी) घेतलीस तर धुराडं बाहेर काढल्याशिवाय पेटवू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

हे यू-आकडे मामाचे अंदाज आहेत. छताची आणि भिंतीची जाडी टेपने मोजून कळव. तोवर हीटरवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नकोस.

तुझा,
मामा